‘शक्ती’ : उत्स्फूर्त वादनाची शिस्त आणि तिचा वारसा

जॅझ आणि भारतीय संगीत यांच्या मीलनाचा विषय निघाला की ‘शक्ती’ या वादकसमूहाचे नाव प्रथम घेतले जाते. मात्र त्याचे मूल्यमापन बहुधा ‘फ्यूजन’ या एका शब्दात आटोपते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील महाविद्यालयीन रंगमंचावरही कीबोर्ड, ड्रमसेट आणि तबला एकत्र आले की हाच शब्द योजला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘शक्ती’चे मोल वाद्ये एकत्र आणण्यात नसून प्रत्येक वादकाने काय सोडले, यात आहे.

गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन हे माइल्स डेव्हिस यांचे सहवादक; पुढे ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’च्या कर्णभेदी विद्युत-वादनाने त्यांची ख्याती झाली. ‘शक्ती’त त्यांनी इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवली आणि पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेली, जादा झंकारतारा असलेली साधी गिटार घेतली. वीणेसारखी मींड तिच्यावर निघू लागली. जॅझचा कणा मानले जाणारे बदलते स्वरमेळही त्यांनी बव्हंशी टाळले. मुंबईच्या झाकिर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम्, एल. शंकर यांचे व्हायोलिन. बेस नाही, ड्रमसेट नाही. १९७५ साली अमेरिकेतील मैफलीत ध्वनिमुद्रित झालेल्या पहिल्या तबकडीतील ‘जॉय’ ऐकताना जाणवते की, येथे तालवाद्ये साथीची भूमिका सोडून बरोबरीने बोलतात. शिवाय हिंदुस्थानी आणि कर्नाटक पद्धतींची ही समोरासमोरची भेट पूर्व-पश्चिम भेटीइतकीच महत्त्वाची आहे. तिच्याकडे मात्र समीक्षकांचे लक्ष कमी गेले.

१९७७ च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतर समूह विखुरला. १९९७ मध्ये हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह ‘रिमेंबर शक्ती’ उभा राहिला, पुढे यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन, सेल्वगणेश यांची खंजिरा आणि ‘कट्यार काळजात घुसली’मुळे मराठी रसिकांच्या अधिक जवळ आलेले शंकर महादेवन यांचे गायन आले. २००० सालच्या मुंबईतील ध्वनिमुद्रणात मात्र पाहुण्या कलावंतांची गर्दी झाली. प्रत्येकाला वाव देता देता संवादाची जागा सवाल-जवाबाने घेतली. टाळ्या वाढल्या, ऐकणे घटले. अनुकरण झाले ते प्रामुख्याने याच बाजूचे.

२०२३ च्या ‘धिस मोमेंट’ला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिर हुसेन निवर्तले. पहिल्या तबकडीतील ‘लोटस फीट’ ही संथ, छोटी रचना १९९७ च्या पुनर्मीलनातही वाजवली गेली. तीत चमत्कृतीला जवळजवळ स्थानच नाही.