मोठ्याचें लहान, कीं लहानाचें मोठें?

अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या छायाचित्रांचा बराच प्रसार झाला आहे. उंच इमारतीवरून किंवा विमानांतून टिपलेलें एखादें शहर, बंदर, रेल्वेचें स्थानक अथवा बाजारपेठ. चित्राच्या मधला एक पट्टा तेवढा रेखीव, त्याच्या वरचा व खालचा भाग धुक्यांत बुडाल्यासारखा पुसट, आणि रंग मात्र जत्रेंतल्या खेळण्यांसारखे भडक. पाहणाऱ्यास प्रथम वाटतें कीं, कोणा कारागिरानें लाकूड व पुठ्ठा घेऊन टेबलावर एक गांव मांडलें आहे. ती आगगाडी खरी असून फलाटावरचीं माणसें जिवंत आहेत असें कळलें म्हणजे त्यास मौज वाटते. ही मौज ज्या भिंगामुळें साधते त्यास टिल्ट-शिफ्ट लेन्स म्हणतात. या चित्रांस कला म्हणावें कीं नुसती करामत, आणि कला म्हणावयाचें तर कोणत्या कसोटीवर, याचा विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. चर्चा हवेंत राहूं नये म्हणून दाखले आम्ही पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांतले, शिरूर व दौंड या तालुक्यांच्या आसपासचे घेत आहों. हीं स्थळें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचीं आहेत, आणि या भिंगाच्या निरनिराळ्या शक्ति तेथें चांगल्या पारखतां येतात.

प्रथम यंत्राविषयीं दोन शब्द. नेहमींच्या कॅमेऱ्यांत भिंग आणि प्रतिमा उमटण्याची पाटी हीं एकमेकांसमोर ताठ बसविलेलीं असतात. जुन्या काळच्या भात्याच्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी होती. भिंगाची फळी आणि मागची कांच यांच्यामध्यें कातड्याचा लवचिक भाता असल्यामुळें ती फळी वर-खालीं सरकवितां येई आणि मागें-पुढें झुकवितांहि येई. पुढें खिशांत मावणारे लहान कॅमेरे आले, आणि सोयीच्या बदल्यांत हें स्वातंत्र्य गेलें. तें अंशतः परत मिळालें तें १९६१ सालीं, निकॉन कंपनीनें लहान कॅमेऱ्यासाठीं सरकणारें भिंग काढलें तेव्हां. आणि १९७३ सालीं कॅनननें सरकणें व झुकणें या दोन्ही क्रिया एकाच भिंगांत आणल्या. म्हणजे ज्याला आज नवें खूळ समजतात, तें वस्तुतः आजोबांच्या कॅमेऱ्याचें वारसाहक्कानें आलेलें धन आहे.

पैकीं सरकण्याचा उपयोग सरळ आहे. दौंड तालुक्यांतील यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वराचें प्राचीन देवालय आहे. तटासारख्या भिंतींनीं तें वेढलेलें असून आंतली मोकळी जागा बेताची आहे. तेथें उभें राहून शिल्पांनीं भरलेली भिंत पायापासून माथ्यापर्यंत टिपावयाची म्हटलें, तर मागें सरकण्यास वाव नाहीं. कॅमेरा वर उचलावा, तर भिंतीच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकत्र येऊं लागतात आणि भक्कम दगडी बांधकाम मागच्या मागें कोसळत असल्यासारखें दिसतें. अशा वेळीं कॅमेरा ओळंब्यांत ठेवून केवळ भिंग कांहीं मिलिमीटर वर सरकविलें, कीं माथा चित्रांत येतो आणि खांब खांबासारखे उभे राहतात. यांत चमत्कार कांहींच दिसत नाहीं, आणि हेंच त्याचें यश. गवंड्यानें जी रेषा ओळंबा लावून सरळ केली, ती छायाचित्रकारानें वांकडी करूं नये, एवढाच त्याचा अर्थ.

झुकण्याची क्रिया याहून गूढ आहे. भिंग ताठ असतां स्पष्टतेची पातळी पाटीशीं समांतर, भिंतीसारखी उभी असते. त्या भिंतीच्या अलीकडचें व पलीकडचें हळूहळू पुसट होत जातें. भिंग झुकविलें म्हणजे ही भिंतहि कलते, आणि योग्य कोन साधला तर जमिनीवर चटई अंथरावी तशी आडवी होते. हा नियम ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील कॅप्टन थेओडोर शाइमफ्लुग यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए यांनीं १९०१ सालीं त्याचा उपयोग दाखविला होता; शाइमफ्लुग यांनीं १९०४ च्या आपल्या पेटंटांत तो पद्धतशीर मांडला. त्यांचा हेतु हवेंतून घेतलेल्या तिरकस छायाचित्रांवरून बिनचूक नकाशे करावे हा होता. ज्या युक्तीनें आज डोळ्यांस फसविण्यांत येतें, तिचा जन्म मोजमापाच्या काटेकोरपणांतून झाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या शक्तीची परीक्षा पाहावयाची तर कुकडी नदीच्या पात्रांत जावें. एका तीरास शिरूर तालुक्यांतील टाकळी हाजी, दुसऱ्या तीरास पारनेर तालुक्यांतील निघोज, आणि मध्यें काळ्या बसाल्ट खडकांत पाण्यानें व पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनीं युगानुयुगें कोरलेले प्रसिद्ध रांजणखळगे. पायापाशीं असलेल्या रांजणाची ओली कड आणि पलीकडचा दूरचा कांठ, दोन्हीं एकाच चित्रांत रेखीव हवीं असतील तर साधें भिंग बहुधा अपुरें पडतें. २४ मिलिमीटरचें भिंग जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरून तें एक अंशाहूनहि किंचित् कमी झुकविलें, तर स्पष्टतेची पातळी खडकाच्या अंगावर निजते. तेंच भिंग तीस सेंटिमीटरांपर्यंत खालीं आणलें तर साडेचार अंशांच्या आसपास झुकवावें लागतें. एवढ्याशा हालचालीनें नजर पायाखालच्या दगडावरून कोठेंहि न अडखळतां पैलतीरास पोंचते, आणि पाण्याच्या त्या प्रचंड कारागिरीचा विस्तार प्रेक्षकाच्या मनांत उतरतो.

आतां हाच स्क्रू उलट फिरवा. दौंड जंक्शनच्या रुळांवरील एखाद्या उंच पुलावरून खालीं पाहतां पुणें, सोलापूर, मनमाड व बारामती या चार दिशांचे मार्ग जेथें एकत्र येतात तो सर्व पसारा दिसतो. भिंग उलट्या दिशेनें झुकविलें असतां स्पष्टतेचा पट्टा अरुंद होऊन एखाद-दुसऱ्या डब्यापुरता उरतो, आणि ती अजस्र मालगाडी चावीच्या खेळण्यासारखी दिसूं लागते. याचें कारण डोळ्यांच्या संवयींत आहे. हातभर अंतरावरची लहान वस्तु पाहतांना किंवा तिचें छायाचित्र घेतांना तिच्या पुढचें-मागचें पुसट होतें. मैलभर अंतरावरचा देखावा पाहतांना सर्वच सारखें स्पष्ट असतें. म्हणून पुसटपणा दिसला कीं मन अंतर थोडें धरतें, आणि अंतर थोडें धरलें कीं वस्तु लहान समजतें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतहि पुसटपणाचा आकारमानाच्या भासावर होणारा हा परिणाम दाखविला आहे.

येथवर यंत्राची कथा झाली; टीकाकाराचें काम येथून पुढें सुरू होतें. मोठ्या वस्तूस लहान करून दाखविणें हें स्वतः वाईट नव्हे. इटलीचे छायाचित्रकार ओलिव्हो बार्बिएरी यांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत रोम, शांघाय, लास व्हेगास इत्यादि शहरें हेलिकॉप्टरमधून अशा भिंगानें टिपलीं. त्या चित्रांत नगरें आराखड्यासारखीं भासतात. जणूं कोणी तीं अजून मांडून पाहत आहे आणि मनास न आल्यास उद्यां उचलून ठेवील. वैभवाच्या अढळपणाविषयीं तेथें शंका उत्पन्न होते, आणि ही शंका विचारास चालना देणारी आहे. तसेंच २०१० च्या ‘द सोशल नेटवर्क’ या डेव्हिड फिंचर यांच्या चित्रपटांत हेन्लीच्या नौकाशर्यतीचा प्रसंग अशाच पुसट कडांनीं रंगविला आहे. ज्या कुलीन तरुणांस आपली शर्यत म्हणजे जगाचें केंद्र वाटतें, त्यांची ती धडपड प्रेक्षकास टबांतल्या होड्यांसारखी दिसते. दोन्हीं ठिकाणीं लहान केलें जातें तें सामर्थ्य आणि ऐश्वर्य. हा विनोद वरच्यावर झाडलेला आहे, म्हणून तो शोभतो.

परंतु जें मुळांतच जगानें लहान लेखलें आहे, तें आणखी लहान करण्यांत कोणता पुरुषार्थ? दसरा उलटला कीं बीड वगैरे जिल्ह्यांतून ऊसतोडणीचीं कुटुंबें साखर कारखान्यांच्या पट्ट्यांत उतरतात. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके त्या पट्ट्यांतलेच. पाचटाच्या कोप्या, बैलगाड्या, हिरव्या फडांत वांकलेलीं माणसें हा देखावा वरून पाहतां अत्यंत चित्रमय असतो, आणि ड्रोन हातीं आल्यापासून तो वरून पाहणें सोपेंहि झालें आहे. या मजुरांच्या हिशेबांत नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. म्हणजे व्यवहारानें दोन माणसांचें एक हत्यार अगोदरच केलेलें आहे. त्यांवर छायाचित्रकारानें त्यांची बाहुली केली, तर तो त्याच व्यवहाराची री ओढतो, मग रंग कितीहि मोहक असोत. असें चित्र पाहणाऱ्याच्या मनांत कुतूहल उपजतें, पण त्या कुतूहलांत शेजाराची जाणीव नसते. आपण उंच, तीं ठेंगणीं, आणि मनांत आलें तर दोन बोटांनीं उचलून दुसरीकडे ठेवावीं, एवढीच भावना शिल्लक राहते. आम्हांस हा दोष तंत्राच्या दोषाहून मोठा वाटतो.

तंत्राचा दोषहि सांगितला पाहिजे. आज मोबाईलमध्यें भिंगावांचूनच हा पुसटपणा आणतां येतो. चित्राच्या वरच्या व खालच्या भागावर बोट फिरविलें कीं काम झालें. खरें भिंग असो वा ही नक्कल, तिची पारख करण्याची एक सोपी खूण आम्ही वाचकांस देतों. चित्रांत एखादें उंच शिखर शोधावें. खऱ्या लहान प्रतिकृतीचें छायाचित्र असेल, तर देवळाचा पाया आणि त्याचा कळस कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळें दोन्हीं सारखींच रेखीव असतात. फसव्या चित्रांत पाया स्वच्छ आणि कळस पुसट असा विपरीत प्रकार आढळतो. कसलेला कलावंत हें ओळखून उंच वस्तु त्या पट्ट्याबाहेर ठेवतो किंवा देखावाच सपाट निवडतो. हौशी माणूस कळस कापून मोकळा होतो. ज्यास आपल्या युक्तीची मर्यादा ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं युक्ति लवकर शिळी होते.

मग या भिंगाचा कल्पक उपयोग कोणता? आमच्या मतें त्याचें उत्तर आपल्या अंगणांतच आहे. दिवाळींत महाराष्ट्रांतील मुलें दगडमातीचा किल्ला करतात. त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवितात, पायऱ्या कोरतात, वर सिंहासनावर महाराज व वाटेवर मातीचे मावळे बसवितात. या मुलांचें वर्तन बारकाईनें पाहावें. किल्ला उभा झाला कीं तीं पोटावर निजून दरवाजातून वर पाहतात. हातभर मातीचा त्यांस राजगड करावयाचा असतो, आणि तो उभ्यानें वरून पाहून होत नाहीं, हें त्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. आतां तेंच भिंग मुलाच्या डोळ्याच्या जागीं, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवावें आणि पुढें झुकवून स्पष्टतेची पातळी किल्ल्याच्या उतारावर निजवावी. पायथ्याची हिरवळ, वळणाची वाट आणि माथ्यावरचा भगवा हीं सर्व एकदम रेखीव होतात. जवळच्या मावळ्याचा माथा पातळीबाहेर राहूं नये म्हणून भिंगाचें छिद्र बारीक करावें, म्हणजे झालें. ज्या पुसटपणामुळें खेळणें खेळणें ठरतें तोच नाहींसा झाल्यावर, डोळा आपल्या जुन्या संवयीनेंच त्या हातभर मातीस डोंगर मानूं लागतो. चार दिवसांनीं पावसानें किंवा झाडूनें जाणारी ती कृति चित्रांत गड होऊन राहते.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या वस्तूस एवढी नीतीची फूटपट्टी कशाला? करमणुकीशीं आमचें वैर नाहीं. दौंडची मालगाडी खेळण्यासारखी पाहून आम्हीहि हंसूं, आणि इंजिनास त्याचें दुःख होणार नाहीं. परंतु जें भिंग शंभर डब्यांची गाडी मुठींत मावेल असें दाखवूं शकतें, तें माणसाचीहि तीच गति करूं शकतें. म्हणून हातांत घेणाऱ्यानें स्क्रू फिरविण्यापूर्वीं आपण काय लहान करणार आहों, एवढा प्रश्न स्वतःस विचारावा ही अपेक्षा अवास्तव नाहीं. भुलेश्वराची भिंत सरळ उभी करणें, कुकडीच्या पात्राचा विस्तार दाखविणें आणि मुलाच्या मातीस गडाची उंची देणें या तिन्ही गोष्टी त्याच भिंगानें होतात. त्या दिशेनें काम करणारी तरुण मंडळी आपल्याकडे पुढें येतील, तर त्यांचीं चित्रें पाहण्यास आणि त्यांविषयीं लिहिण्यास आम्हांस मनापासून आनंद वाटेल.