‘ऑफलाइन’ या संज्ञेची अर्थमर्यादा

सदोष संज्ञेचा परिणाम वाचकाच्या समजुतीपुरताच राहतो, असे आपण सामान्यतः मानतो. तांत्रिक नियमपुस्तिकेत मात्र तो यंत्राच्या व्यवहारापर्यंत पोहोचू शकतो. लिनक्समधील ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थेची ‘ऑफलाइन’ अद्ययावतीकरणाविषयीची नियमपुस्तिका या दृष्टीने परीक्षणीय आहे.

‘ऑफलाइन अर्ज’, ‘ऑफलाइन व्याख्यान’ या प्रयोगांमुळे मराठीत हा शब्द ‘इंटरनेटवाचून’ या अर्थी रूढ झाला आहे. पुस्तिकेतील अर्थ निराळा आहे. चालू कार्यक्रमांच्या फायली त्यांच्या पायाखालून बदलल्या जाऊ नयेत, म्हणून नेहमीचा कारभार थांबवून अद्ययावतीकरण करावयाचे, एवढाच तिचा अभिप्राय आहे. फेडोरा १८ मध्ये (२०१३) ही पद्धती आली. पॅकेजेस आधी उतरवून घ्यावयाची, ‘सिस्टिम-अपडेट’ नावाचा दुवा ठेवावयाचा आणि संगणक पुन्हा सुरू करावयाचा. तो दुवा दिसताच संगणक मोजक्या सेवांनिशी उभा राहतो. नेटवर्क तोडणे हा येथे हेतू नाही. परंतु प्राथमिक मांडणीत स्थानिक डिस्क तेवढ्या जोडल्या जातात. नेटवर्कवरील साठवण वेगळ्या गटात मोडते आणि त्या गटाला कोणी पाचारण करीत नाही.

समजा, चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कापड-कारखान्याने उतरवलेली पॅकेजेस शेजारच्या इमारतीतील साठवण-यंत्रावर ठेवली आहेत. ऐन वेळी ती संगणकाला सापडत नाहीत आणि काम तेथेच खुंटते. माग थांबवला म्हणून सुताच्या कोठारालाही कुलूप पडावे, तसा हा प्रकार होय.

यावरील उपाय पुस्तिकेत नाही असे मात्र नाही. अद्ययावतीकरणाच्या सेवेने आपल्याला लागणाऱ्या अन्य सेवा स्पष्टपणे बोलवाव्यात, असे ती सांगते. अद्ययावतीकरणापूर्वी चालणारी साहाय्यक सेवा कशी जोडावी, हेही सांगते. याच सेवेकरवी नेटवर्क व दूरची साठवण आधी उपलब्ध करून देता येते. मात्र तेथे एक सूक्ष्म भेद सांभाळावा लागतो. ‘आफ्टर’ हा निर्देश केवळ क्रम सांगतो. ‘वॉन्ट्स’ व ‘रिक्वायर्स’ हे पाचारण करतात, पैकी दुसरा अधिक सक्तीचा. ‘पाहुणे आल्यावर पाने वाढा’ या मराठी वाक्यात पाहुणे येणार हे गृहीत असते. ‘आफ्टर’मध्ये ते गृहीत नाही. पाहुण्यांना कोणी बोलावलेच नसेल, तर पाने वाढून मोकळे व्हावयाचे! म्हणून क्रम आणि पाचारण हे दोन्ही निर्देश लिहिणे अवश्य ठरते.

पुस्तिकेची रचना काटेकोर आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती सेवा रचणाऱ्याला उद्देशून बोलते. यंत्र सांभाळणाऱ्याला आपला प्रश्न ‘साहाय्यक सेवा’ या निर्विकार शब्दांआडून शोधून काढावा लागतो. मराठीत ही संज्ञा आणताना ‘ऑफलाइन’ तशीच न ठेवता ‘कामबंद अद्ययावतीकरण’ म्हणणे अधिक यथार्थ होईल. काम बंद म्हणजे वाट बंद नव्हे, हे त्या शब्दातूनच कळेल.