तळघरातली साथ

लेकीकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हाची गोष्ट. "आई, उद्या रात्री क्लबात जाझ ऐकायला जायचं," असं ती म्हणाली आणि माझ्या कपाळावर आठी आली. दारू विकतात तिथं आपलं काय काम? शिवाय जाझ म्हणजे सगळ्यांनी एकदम केलेला गोंगाट, असंच मी धरून चालले होते. तरी गेले. दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं आणि निघालो.

न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा क्लब १९३५ पासून त्याच तळघरात आहे. अरुंद जिना उतरायचा, दाटीनं मांडलेल्या टेबलांशी बसायचं. खायला काही नाही, पण एक पेय घ्यावंच लागतं. माझ्या नावाचा संत्र्याचा रस लेकच प्यायली.

आदल्या दिवशी तिनं मला याच तळघरातलं एक ध्वनिमुद्रण ऐकवलं होतं. २५ जून १९६१ चं. पियानोवर बिल इव्हान्स, ड्रमवर पॉल मोशन आणि बासवर, म्हणजे माणसाहून उंच अशा उभ्या तंतुवाद्यावर, स्कॉट लाफारो. मागं पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. लाफारो त्यानंतर अकराच दिवसांनी मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. त्याचा बास पियानोचं बोट धरून चालत नाही. मध्येच प्रश्न विचारतो, गप्प बसतो, दुसऱ्याच वाटेनं येऊन भेटतो.

आम्ही गेलो त्या रात्रीही तिघंच होते. आधी धून वाजवायची, मग तिच्याच सुरावटींच्या चौकटीवर एकेकानं आपलं सांगायचं, शेवटी पुन्हा धून. ही चौकट बहुतेक बत्तीस मात्रांची असेल असं मी समजत होते, तर लेक म्हणाली, मात्रा नव्हे, बत्तीस खंड, आणि प्रत्येक खंडात बहुधा चार ठोके. आपल्या आवर्तनासारखं वाटतं, पण इथं फिरतो तो ताल नव्हे, सुरांचे बदलते मेळ फिरतात. म्हणून 'जाझ म्हणजे त्यांचा खयाल' असं मी म्हणणार नाही.

सगळंच आवडलं असंही नाही. जलद चालीत पियानोवाल्याची बोटं मनापुढं धावत होती. हात तयार आहे हे आम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच पटलं होतं. पुढची दहा कशाला? आणि एकेकाचं वादन संपलं की टाळ्या! पुढच्यानं धागा उचललेला असतो, तो त्या टाळ्यांत बुडून जातो. वाजत असताना मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या मैफलीत असं कधी झालंय का, आठवून बघा.

मग एक संथ चाल आली. ड्रमवाल्यानं काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. बासवाल्यानं दोन सूर दिले आणि थांबला. पियानोवाल्यानं ती जागा भरली नाही, तोही थांबला. तेवढ्या शांततेत माझ्या अंगावर काटा आला.

कारण मी स्वतः साथीला बसणारी बाई. आमच्या मंदिरातल्या भजनी मंडळात अकरा वर्षं पेटी वाजवते. गाणारी जे म्हणेल तेच, तिच्या पावलामागं अर्धं पाऊल, एकही फट न ठेवता. यालाच मी नम्रपणा समजत आले. त्या तळघरात कळलं, त्यातला निम्मा भाग भीतीचा होता. चुकू नये म्हणून मागं राहायचं. साथ द्यायची तर ऐकावं लागतं, आणि ऐकून स्वतःचंही काही म्हणावं लागतं.

परत आल्यावर पहिल्याच भजनात एका ओळीनंतर मी भाता तसाच धरून ठेवला. काकूंनी गाता गाता माझ्याकडे वळून पाहिलं. मग पुढची ओळ त्यांनी नेहमीपेक्षा सावकाश घेतली.