मुडदुसाच्या धड्यात नसलेले ऊन

आरे कॉलनीत सहल नेली, की तबेल्यापाशी आम्ही मुलांना हटकून विचारतो, मुडदूस कशाने होतो? उत्तर पाठ असते : ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावी, उपाय, दूध. म्हशींकडे बोट दाखवूनच सांगतात! वास्तविक साध्या दुधात हे जीवनसत्त्व अगदी थोडे असते. डोक्यावर ऊन तापत असूनही त्याचे नाव कोणी काढत नाही.

दोष मुलांचा नाही. धड्यात निष्कर्ष आहे, शोध नाही. विल्नो येथे १७९७ पासून रसायनशास्त्र शिकवणारे पोलिश वैद्य येंद्झेई श्न्यादेत्स्की यांनी १८२२ मध्ये लिहिले, की शहरी मुलांत मुडदूस फार, खेड्यात कमी. तेव्हा मुलांना उघड्यावर, उन्हात न्यावे. ‘व्हिटॅमिन’ शब्दसुद्धा १९१२ चा. (तो काझिमिर फुंक या दुसऱ्या पोलिशाने घडवला.)

मात्र श्न्यादेत्स्कींचा गौरवही बेतानेच व्हावा. शहर आणि खेडे यांत केवळ उन्हाचा फरक नसतो. हवा, अन्न, खेळ, सारेच वेगळे. त्यातून ऊन वेगळे काढून त्यांनी तपासले नाही. बर्लिनच्या हुल्डशिन्स्कींनी १९१९ मध्ये मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश पाडला, हाडे सुधारलेली क्ष-किरण चित्रांत दाखवली, तेव्हा वैद्यांना पटले. वर्गात शिकवायला हवी ती ही उणीव.

मागच्या सहलीत आम्ही प्रश्न बदलला : तुमच्या खोलीत ऊन किती वाजता येते? निम्म्या मुलांनी सांगितले, येतच नाही.