साहसकथेतील अनिच्छुक सहप्रवासी : एर्जेच्या चित्रकथांतील मिलूचा विचार

बीजसंज्ञा : चित्रकथा, साहसकथा, पाळीव प्राणी, टिनटिन, मिलू

प्रस्तावना

साहसकथेचा नायक घर सोडतो तेव्हा त्याच्या निर्णयाची चर्चा होते. त्याच्याबरोबर घर सोडणाऱ्या प्राण्याच्या निर्णयाची चर्चा होत नाही, कारण त्याने निर्णय घेतलेलाच नसतो. धनी निघाला म्हणून तो निघतो. बेल्जियन चित्रकथाकार एर्जे (मूळ नाव जॉर्ज रेमी, १९०७–१९८३) याच्या टिनटिन मालिकेतील मिलू हा पांढरा फॉक्स टेरिअर या परिस्थितीचे ठळक उदाहरण आहे. ऊब, हाड, झोप आणि संधी मिळाल्यास थोडी व्हिस्की एवढ्याच त्याच्या अपेक्षा. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला वाळवंट, तुरुंग, बुडणारी जहाजे आणि एकदा तर चंद्रही येतो. टिनटिनवरील समीक्षेत मिलूचा उल्लेख बहुधा ‘विनोदनिर्मितीसाठी योजलेले पात्र’ असा होतो. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. टिनटिनच्या सत्कृत्यांची किंमत इतरांना मोजावी लागते, ही गोष्ट या मालिकेत सर्वप्रथम मिलूच्या कुरकुरीतून व्यक्त होते. प्रस्तुत लेखात या कुरकुरीचा मागोवा घेतला आहे.

बोलका मिलू

१० जानेवारी १९२९ रोजी ‘ल पती व्हँतिएम’ या बालपुरवणीत टिनटिनची पहिली कथा सुरू झाली. तिच्या पहिल्याच प्रवासात आगगाडीत बॉम्बस्फोट होतो. या कथेतील मिलू मोकळेपणाने बोलतो. धनी आणि कुत्रा यांचे संभाषण दोन मित्रांसारखे चालते आणि त्यात मिलूचा वाटा मुख्यतः तक्रारीचा असतो. टिनटिन स्वतःच्या भीतीविषयी वा थकव्याविषयी फारसे बोलत नाही. ते काम मिलू करतो. नायक जवळजवळ निर्विकार असल्यामुळे वाचकाला संकटाचे वजन कळते ते या कुत्र्याकडून. या अर्थाने आरंभीच्या कथांतील सर्वांत मानवी पात्र मिलूच ठरतो.

तथापि, मिलूच्या सुखलोलुपतेला निरागसतेचे प्रमाणपत्र देणे घाईचे ठरेल. १९३०–३१ मधील काँगोच्या कथेत बोटीवर पोपट त्याच्या शेपटीला चावतो आणि वाचकाला त्याची दया येते. पुढे याच कथेत आगगाडीच्या अपघातानंतर काँगोवासीयांना कामाला जुंपले जाते, आणि त्या वेळी हाच मिलू त्यांना आळशी म्हणून हिणवतो. स्वतः विश्रांतीचा भोक्ता असलेला प्राणी दुसऱ्यांच्या विश्रांतीला आळस म्हणतो, हा विरोधाभास लक्षणीय आहे. या कथेतील वसाहतवादी दृष्टीवर पुष्कळ टीका झाली आहे. त्या दृष्टीचा वाहक कुत्राही होता, हे मात्र त्याच्या गोंडसपणामुळे नजरेआड होते. युरोपीय घरातील शांतता कोणाच्या श्रमावर उभी होती, याचे उत्तर या एका प्रसंगात अनवधानाने मिळून जाते.

आवाजाचे स्थलांतर

१९४१ मध्ये कॅप्टन हॅडॉक मालिकेत दाखल झाला आणि मिलूचे स्थान बदलले. तक्रार करणारा, मद्याचा मोह न आवरणारा, साहसाला मनापासून विटलेला असा एक माणूसच आता टिनटिनच्या सोबतीला आला. मिलूचा संवाद हळूहळू स्वगतात रूपांतरित झाला. धन्याला तो ऐकू जाणे जवळपास बंद झाले. ‘द ब्लॅक आयलंड’मध्ये मालगाडीच्या टाकीतून गळणारी व्हिस्की पिऊन झिंगणारा मिलू हा हॅडॉकचा पूर्वसूरी म्हणता येईल. पुढे मार्लिनस्पाइकचा वाडा हॅडॉकच्या ताब्यात आला, आणि ज्याची मिलूला ओढ होती ते घर मालिकेला प्रथमच मिळाले. एर्जेने त्या वाड्यात एक सयामी मांजर ठेवून मिलूला तेथेही निवांत बसू दिले नाही, ही गोष्ट वेगळी.

मिलूची मूक बाजू भाषांतरांतही दबलेली दिसते. इंग्रजीत तो रंगावरून ‘स्नोई’ झाला. बंगालीत नीरेंद्रनाथ चक्रवर्ती यांनी त्याला ‘कुट्टुस’ म्हटले. या नादात चावा घेण्याची सूचना आहे. हिंदीत तो ‘नटखट’ झाला. नटखट म्हणजे खोडकर, आपण होऊन उचापती करणारा. नाव कानाला गोड आहे, पण मिलूच्या स्वभावाचा मुख्य धागा त्यात सुटतो. हा कुत्रा उचापतींच्या शोधात नसतो. उचापती त्याच्या गळ्यात पडतात.

चंद्रावरील कुत्रा

चांद्रमोहिमेच्या दुसऱ्या भागाचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. त्यात मिलूसाठी खास अंतराळपोशाख आहे. चंद्रावरील गुहेत तो बर्फावरून घसरून खाली जातो आणि टिनटिन दोराच्या साहाय्याने त्याच्यापर्यंत पोहोचतो. वाचक हे आनंदाने वाचतो, कारण मिलू परत येणार याची त्याला खात्री असते. त्यानंतर तीनच वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी, मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली लायका ही कुत्री स्पुटनिक-२ मधून अंतराळात पाठवली गेली. तिला परत आणण्याची कोणतीही योजना नव्हती. अतिउष्णतेमुळे ती काही तासांतच मेली, हे २००२ मध्ये उघड झाले. एर्जेला हे ठाऊक असणे शक्य नव्हते आणि त्याच्या कथेला त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही. मात्र लायकानंतर ही पाने पूर्वीसारखी वाचता येत नाहीत. मिलूच्या पोशाखाचे कौतुक करताना त्याला विचारले कोणी होते, हा प्रश्न मध्ये उभा राहतो.

तिबेट : मोह आणि चिठ्ठी

या प्रश्नाला मालिकेत सर्वाधिक गंभीर रूप मिळते ते ‘टिनटिन इन तिबेट’मध्ये (पुस्तकरूपाने १९६०). नेपाळमध्ये विमान कोसळते; सर्वांनी मृत मानलेला मित्र चँग जिवंत आहे असे टिनटिनला स्वप्नात दिसते, आणि केवळ त्या आधारावर तो हिमालयात जातो. येथे खलनायक नाही. टिनटिनची निष्ठा उदात्त आहे, पण ती हट्टीही आहे, आणि हॅडॉक, शेर्पा थार्के व मिलू हे तिघेही तिच्यामागे ओढले जातात.

वाटेत हॅडॉकच्या पाठपिशवीतून व्हिस्की ठिबकू लागते. मिलूसमोर त्याचाच देवदूत आणि त्याचाच सैतान उभे राहतात. सैतान जिंकतो आणि झिंगलेला मिलू प्रवाहात पडतो. येथपर्यंत हा विनोद आहे. पुढे हिमलोटानंतर टिनटिन मदतीची चिठ्ठी लिहून मिलूच्या तोंडी देतो आणि त्याला मठाकडे पिटाळतो. वाटेत मिलूला प्रचंड हाड दिसते. हाड उचलायचे तर चिठ्ठी सोडावी लागणार. मिलू ती सोडतो आणि चिठ्ठी वाऱ्यावर उडून जाते.

या प्रसंगाचे सामर्थ्य एर्जेने मिलूला दिलेल्या अपराधभावात आहे. आतापर्यंत कुरकुर करूनही मिलू जबाबदारीतून मुक्त होता. तो केवळ ओढला जात होता. येथे प्रथमच तिघांचे प्राण त्याच्या निवडीवर अवलंबून आहेत. हाड टाकून तो मठाकडे धावतो, हाती पुरावा नसताना भिक्षूंच्या मागे लागतो, आणि अखेर दिव्यदृष्टी असलेला भिक्षू त्याला ओळखतो. ज्या साहसाला त्याने कधी होकार दिला नव्हता, त्यातील निर्णायक पाऊल तो स्वेच्छेने उचलतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वातील श्वान आठवणे स्वाभाविक आहे. तोही हिमालयातच जातो, तोही न विचारता मागे चालतो. इंद्राच्या रथासमोर युधिष्ठिर त्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो आणि श्वान धर्मरूपाने प्रकट होतो. परंतु तेथे परीक्षा धन्याची आहे. त्या श्वानाला थंडी वाजली का, परत फिरावेसे वाटले का, हे प्रश्न त्या कथेच्या कक्षेत येत नाहीत. एर्जेने परीक्षा कुत्र्याची घेतली, आणि त्याला आधी नापास होऊ दिले. धर्माचे रूप न घेता कुत्राच राहिलेला हा प्राणी वाचकाला अधिक जवळचा वाटतो, तो यामुळे.

उत्तरकाळ

तिबेटनंतर एर्जेचे साहसावरचे मन उडत गेल्यासारखे दिसते. ‘द कास्टाफिओरे एमराल्ड’ (१९६३) ही संपूर्ण कथा मार्लिनस्पाइकमध्येच घडते. हॅडॉक पाय मुरगळून घरी अडकतो आणि रत्नचोर म्हणून एक पक्षी सापडतो. मिलूला हवे होते तसे घर अखेर मिळाले, तेव्हा त्यात पाहुण्यांचा इतका कोलाहल होता की शांतता म्हणून काही उरली नाही. १९७६ च्या ‘टिनटिन अँड द पिकारोज’मध्ये तर हॅडॉक संतापाने विमानात बसतो आणि टिनटिन सापळ्याचा संशय घेऊन प्रारंभी जाण्यास चक्क नकार देतो. या नकाराबद्दल काही वाचकांनी नाराजी दर्शवली. नायक म्हातारा झाला असे त्यांना वाटले. पहिल्या कथेपासून मिलू जे सुचवत आला होता, ते त्याच्या धन्याने सत्तेचाळीस वर्षांनी प्रथम उच्चारले, आणि काही पानांनंतर तो मिलूसह त्याच देशाकडे निघालाही.