गाव नाही, जात नाही, मारेकरी नाहीत

‘सैराट’च्या शेवटी नागराज मंजुळे प्रत्यक्ष खून दाखवत नाहीत. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, नायिका आर्ची चहा टाकते. नंतर तिचा छोटा मुलगा घरात शिरतो आणि रडत बाहेर येतो. आवाज पूर्ण बंद, जमिनीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे. वार झाकले, पण मारणारे कोण आणि त्यांनी का मारलं, यात तसूभरही शंका ठेवली नाही. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, याच कथेवर हिंदी ‘धडक’ आला. त्यात जातीचा उल्लेख ओझरता उरला आणि नायिका वाचली. रक्त दोन्हीकडे सांडतं, पण त्यामागचं कारण एकाच चित्रपटात दिसतं.

अत्याचाराचं चित्रण करणारी मराठी कला तपासायची तर कसोटी हीच लावावी लागते. काय दाखवलं नाही यापेक्षा, न दाखवल्यामुळे कोण सुटलं, हे पाहायचं. बलात्कारपीडितेचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे आणि ती रास्तच आहे. पण पीडितेसाठी धरलेला आडोसा आपल्याकडे फार वेळा गुन्हेगाराच्याच कामी येतो.

मौन एकाच बाजूचं नाही. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. एवढा मोठा उत्पात, पण त्यावरचं ललित लेखन हाताच्या बोटांवर मोजावं इतकंच. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्यात उठून दिसते, तीही सोळा वर्षांनी, १९६४ साली आली. गांधींचा मारेकरी आपल्याच जातीचा, मग आपलं दुःख कोणत्या तोंडाने सांगायचं, हा संकोच समजण्यासारखा आहे. तरीही त्या संकोचामुळे एक अख्खा कालखंड घराघरातल्या दबक्या गप्पांतच राहिला.

१९७८ ची गोष्ट याहून गंभीर. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळलं. दलित कवींनी, शाहिरांनी हे बोलून दाखवलं, गायलं. मुख्य धारेतल्या रंगभूमीने मात्र पाठ फिरवली. कारणं ऐकायला सभ्य होती: सलोखा बिघडेल, गावाची बदनामी होईल, जखमेवरची खपली कशाला काढायची? पण ज्यांची जखम होती, त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं.

सेन्सॉरशी निदान भांडता येतं. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ या नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण लेखकाने लिहितानाच गाळलेल्या ओळीसाठी कोणत्या न्यायालयात जायचं?

खैरलांजीच्या वेळी हे गाळणं वर्तमानपत्रांत घडलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. पहिले काही आठवडे बातमीला फारशी जागा मिळाली नाही. उलट मारल्या गेलेल्या सुरेखा भोतमांगे यांच्या चारित्र्याविषयीची कुजबुज तेवढी पसरली. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा संपादकांना जाग आली. २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झालाच नाही. त्याच वर्षी आनंद तेलतुंबडे यांनी या हत्याकांडावर सविस्तर पुस्तक लिहिलं, तेही इंग्रजीत.

या सगळ्यात आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट वेगळा ठरतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांतच गळफास घेतला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा होता. टँकर कुठे होते आणि गोळ्या कुठे झाडल्या, याची चित्रपट उलटतपासणी घेतो. त्यासाठी पटवर्धनांनी चौदा वर्षं दिली. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या या चित्रपटात मेलेल्या माणसांना नावं आहेत, घरं आहेत, गाणी आहेत, आणि गोळी झाडणाऱ्यांनाही चेहरा आहे.

अशी चिकाटी नामांतराच्या दंगलीच्या वाट्याला यायला हवी. ती भोगलेली तेव्हाची तरुण मंडळी आता सत्तरीच्या आसपास आहेत. टेंभुर्णीसारख्या गावांत त्यांना आजच गाठायला हवं.