आइन्स्टाइनच्या पुस्तिकेतील तेरावे प्रकरण

सापेक्षतेवरचे सोपे पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर अजूनही आइन्स्टाइनच्याच पुस्तिकेचे नाव घ्यावे लागते. ती १९१७ साली जर्मन भाषेत निघाली आणि १९२० मध्ये इंग्रजीत आली. शालान्त शिक्षण झालेल्या वाचकाला ती कळावी, अशी लेखकाची अपेक्षा आहे. बहुतेक प्रकरणे या अपेक्षेला उतरतात. वेगांच्या बेरजेचे तेरावे प्रकरण मात्र पुरते उतरत नाही, आणि वर्गात मुले अडतात ती नेमकी तिथेच.

सहाव्या प्रकरणात रेल्वेच्या डब्यात चालणारा माणूस भेटतो. गाडीचा वेग अधिक त्याचा वेग, म्हणजे रुळांच्या भरावावरून दिसणारा वेग. तेराव्यात हा माणूस जाऊन त्याच्या जागी एक बिंदू येतो आणि लॉरेन्ट्झ रूपांतरणातून नवे सूत्र निघते. दोन वेगांच्या बेरजेला एका संख्येने भागायचे. ती संख्या म्हणजे १ अधिक त्या वेगांचा गुणाकार भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. सूत्र बरोबर आहे, पण असे का? माणसाचा वेग डब्यातल्या घड्याळाने व पट्टीने मोजलेला, गाडीचा भरावावरच्या. ही मापे एक नव्हेत, मग सरळ बेरीज होईल कशी? हे कारण नवव्या व दहाव्या प्रकरणांच्या शेवटी येऊन गेले आहे. तेराव्यात त्याची आठवण करून दिलेली नाही. आकडे घालून सोडवलेले उदाहरणही नाही. ते शिक्षकाने द्यावे: प्रकाशवेगाच्या ०.७५ पट असे दोन वेग घेतले, तर १.५ भागिले १.५६२५, म्हणजे ०.९६.

प्रकरणाचे खरे बळ फिझोच्या १८५१ च्या प्रयोगात आहे. नळीतून पाणी सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाने वाहते. त्यातून प्रकाश एकदा प्रवाहाबरोबर, एकदा विरुद्ध जातो. स्थिर पाण्यात प्रकाशाचा वेग निर्वातातल्या सुमारे ०.७५ पट. जुन्या बेरजेने त्यात ७ मीटरची भर पडायला हवी. नव्या सूत्राने ती जेमतेम ३ मीटर येते, आणि व्यतिकरणाचे पट्टे तेच सांगतात. 'प्रकाशवेगाजवळ गेल्यावर नियम बदलतो' असे आपण फळ्यावर लिहितो, ते यामुळे खोडावे लागेल. नियम एकच आहे. ओढ्याच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यातही तो दिसतो, कारण दुसरा वेग मोठा आहे.

एका ठिकाणी मात्र आइन्स्टाइन वकिली करतो. लॉरेन्ट्झने १९०५ च्या आधीच या प्रयोगाचा उलगडा केला होता, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. तरीही प्रयोग सापेक्षतेच्या बाजूने निर्णायकच मानतो. लॉरेन्ट्झचे समीकरण सापेक्षतेच्या विरोधात जात नाही, हा त्याचा युक्तिवाद. पण जो प्रयोग दोन्ही उपपत्तींना जुळतो तो त्यांच्यात निवाडा कसा करणार? फ्रेनेलने तर ईथर मानूनच १८१८ मध्ये हेच उत्तर काढले होते.

म्हणून शिकवताना फिझोच्या जोडीला सर्नमधला १९६४ चा प्रयोग घ्यावा. तेथे प्रकाशवेगाच्या ०.९९९७५ पट वेगाने धावणाऱ्या उदासीन पायॉन कणांतून पुढच्या दिशेने निघालेल्या गॅमा किरणांचा वेग मोजला. तो दुप्पट झाला नव्हता, प्रकाशवेगाइतकाच भरला. सूत्रात एक वेग प्रकाशाचा घालून हे उत्तर विद्यार्थ्याला दोन ओळींत काढता येते.